डेव्ह पार्कर, पॉप्स आणि माझी बेसबॉल कार्डं

तीन_नद्या (धागाकर्ता)

डेव्ह पार्कर, पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा जुना खेळाडू, २८ जून २०२५ ला गेला. बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या सन्मानयादीत) त्याचं नाव लागायला जेमतेम महिना उरला होता. पत्रकारांच्या मतदानात पंधरा वर्षं त्याचं नाव येत राहिलं आणि दर वेळी मतं कमी पडली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या खेळाडूंचा विचार करणाऱ्या समितीने त्याला निवडलं. पार्किन्सन्सने शरीर पार थकलं होतं, पण निवड झाल्याचं त्याला कळलं, एवढं तरी झालं. २७ जुलैला हॉल ऑफ फेमच्या गावी, कूपर्सटाउनच्या मंचावर त्याच्या जागी त्याचा मुलगा उभा राहिला.

इथे क्रिकेटवर रग्गड धागे आहेत. बेसबॉलवर एकही सापडला नाही, म्हणून हा काढतोय. माझे आवडते खेळाडू मी त्यांच्या कार्डांच्या आधाराने सांगणार आहे, कारण मला हा खेळ कळला तोच कार्डांतून.

१९७८ च्या उन्हाळ्यात आम्ही सोलापूरहून पिट्सबर्गला आलो. अण्णा पोलादाच्या धंद्यातले इंजिनिअर, मी नऊ वर्षांचा. शाळा सुरू व्हायला अवकाश होता आणि गल्लीतली पोरं दिवसभर एकच बोलत: पायरेट्स. चौकातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर टॉप्स कंपनीची मेणकागदाची पाकिटं असायची. पाकिटात कार्डांची चळत आणि गुलाबी बबलगमची एक कडक पट्टी. पट्टीवरची पांढरी भुकटी कार्डावर सांडायची आणि गमला टेकलेल्या कार्डावर तपकिरी डाग पडायचा. तो डाग कधी जात नाही. माझ्याकडच्या ओमर मोरेनोच्या कार्डावर अजून आहे.

अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच. पुढे फोटो, मागे आकडे. मला पुढच्यापेक्षा मागची बाजू प्यारी. नव्या खेळाडूच्या पाठीवर दोनच ओळी असायच्या आणि उरलेल्या जागेत व्यंगचित्र किंवा काहीतरी माहिती. जसजशी वर्षं वाढत तसतसे आकडे चढत, अक्षर बारीक होई, व्यंगचित्राला जागा उरत नसे. विली स्टार्जेलच्या कार्डाची पाठ वाचायला आई पोथीवरचं भिंग द्यायची. १९६२ पासूनची प्रत्येक ओळ तिथे होती. कुठल्या साली किती सामने, किती फटके, किती होम रन (मैदानापार गेलेले फटके). इंग्रजी धड बोलता येत नव्हतं तेव्हा मला हे आकडे पाठ होते, आणि त्या जोरावर गल्लीतल्या पोरांनी मला आपल्यात घेतलं.

विली स्टार्जेल. सगळे त्याला ‘पॉप्स’ म्हणत. १९७९ च्या मोसमात तो ३९ वर्षांचा होता. सहकाऱ्याने काही चांगलं केलं की स्टार्जेल त्याला कापडी सोनेरी चांदणी द्यायचा. ती टोपीवर शिवायची. तेव्हाच्या पायरेट्सच्या टोप्या डब्यासारख्या चपट्या, काळ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या. एकेकाची टोपी चांदण्यांनी भरून गेलेली. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत, बाल्टिमोर ओरिओल्स ३–१ ने पुढे होते. पाचव्या सामन्याच्या सकाळी आमचे मॅनेजर चक टॅनर यांची आई वारली, आणि ते त्या दिवशीही मैदानावर उभे राहिले. तिथून तीनही सामने आम्ही जिंकले. सातवा सामना १७ ऑक्टोबरला, बाल्टिमोरमध्ये. नऊपैकी सहाव्या इनिंगमध्ये स्टार्जेलने स्कॉट मॅकग्रेगरचा चेंडू उजव्या कुंपणापार भिरकावला आणि आम्ही पुढे गेलो ते गेलोच. रात्री उशीर झाला होता, दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि अण्णांनी टीव्ही बंद केला नाही.

स्टार्जेलचं पहिलं कार्ड १९६३ चं. त्यात तो एकटा नाही. चार होतकरू पोरांची चार डोकी चार गोलांत, त्यातलं एक त्याचं. टॉप्सची शेवटची १९८२ ची. मी ही सगळी कार्डं सालानुसार लावून ठेवलीत. कोवळा चेहरा, मग खांदे रुंद होतात, कल्ले वाढतात, गाल भरतात, डोळ्यांखाली वळ्या येतात. ४७५ होम रन मारणारा माणूस बावीस-तेवीसचा असल्यापासून बेचाळिशीपर्यंत दोन हातांच्या अंतरात दिसतो. म्हणून माझं नव्या संग्राहकांना सांगणं असतं की सेट पुरा करायच्या किंवा महागडं कार्ड पटकवायच्या मागे लागण्याआधी एक खेळाडू धरा आणि त्याची सगळी वर्षं जमवा.

९ एप्रिल २००१ ला आमच्या नव्या पीएनसी पार्कात मोसमाचा पहिला सामना होता. त्याच दिवशी पहाटे स्टार्जेल गेला.

केंट टेकल्वी. आमचा पिचर. काटकुळा, रंगीत काचांचा मोठा चष्मा, आणि चेंडू टाकायचा तो कमरेतून वाकून, जवळजवळ जमिनीलगतून. १९७९ मध्ये तो ९४ सामन्यांत खेळला. सातव्या सामन्याचा शेवटही त्यानेच केला. मलाही जाड भिंगांचा चष्मा होता. पुढचं सांगायला नको.

डेव्ह पार्कर. सहा फूट पाच इंच. जून १९७८ मध्ये होम प्लेटवर (जिथे पोचलं की धाव मिळते) मेट्सचा कॅचर जॉन स्टर्न्स याच्यावर आदळला आणि त्याच्या गालाचं हाड मोडलं. थोड्याच दिवसांत तो चेहऱ्यावर मुखवटा चढवून परत आला, आणि त्या वर्षी .३३४ च्या सरासरीने लीगमध्ये पहिला आला, एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. पुढच्या वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यात त्याने बॅटने नाही, हाताने बक्षीस मिळवलं: राइट फील्डमधून एक फेक तिसऱ्या बेसला, एक थेट होम प्लेटला, दोन्हीकडे धावपटू बाद. होम प्लेटवरची ती फेक कोणी पाहिली नसेल तर आजच शोधून पाहा.

पण हे शहर त्याच्याशी नेहमी नीट वागलं नाही. मोठा करार झाला, मग दुखापती आल्या, वजन वाढलं, आणि १९८० मध्ये घरच्याच मैदानावर प्रेक्षकांतून कोणीतरी त्याच्या दिशेने बॅटरी फेकली. १९८५ च्या ड्रग खटल्यात त्याने कोर्टात उभं राहून कोकेन घेतल्याचं कबूल केलं. हॉल ऑफ फेमची दारं इतकी वर्षं अडली त्यामागे हेही होतं. तोवर तो सिनसिनाटीला गेला होता. माझ्याकडची त्याची ओळ १९७४ च्या रुकी (पहिल्या) कार्डापासून सुरू होते. आधी काळा-पिवळा, मग सिनसिनाटीचा लाल, मग ओकलंडचा हिरवा. लाल कार्डं मी पहिल्यांदा घेतली तेव्हा शाळेतल्या मित्रांना ते आवडलं नाही. मला मात्र तो माणूस हवा होता, गणवेश कुठलाही असो. २७१२ फटके, ३३९ होम रन.

रोबेर्तो क्लेमेंटे. याला मी खेळताना पाहिलेलं नाही, तरी सगळ्यात जास्त कार्डं याचीच आहेत. शेजारी पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहत. त्यांनी मला साठच्या दशकातलं, कोपरे झिजून गोल झालेलं एक कार्ड दिलं. त्यावर नाव होतं बॉब क्लेमेंटे. मी विचारलं, हा बॉब कोण? आजोबा म्हणाले, “त्याला ते आवडायचं नाही.”

पोर्तो रिकोच्या कारोलिना गावचा हा माणूस. १९५५ आणि ५६ च्या कार्डांवर टॉप्सने रोबेर्तो छापलं. १९५७ पासून १९६९ पर्यंत बॉब. इथली वर्तमानपत्रं त्याचं इंग्रजी जसं कानावर पडेल तसं मोडकंतोडकं छापत, जेणेकरून वाचणाऱ्याने हसावं. तो दर वेळी सांगत राहिला की माझं नाव रोबेर्तो आहे. १९७० च्या कार्डावर ते परत आलं. तेरा वर्षांची ती कार्डं मी मुद्दाम एका पानावर लावलीत. चार वेळा फलंदाजीत अव्वल, बारा गोल्ड ग्लव्ह, १९६६ चा एमव्हीपी, आणि नाव दुसऱ्याने ठेवलेलं.

३० सप्टेंबर १९७२ ला त्याने जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर ३००० वा फटका मारला. २३ डिसेंबरला निकाराग्वात मानाग्वा शहर भूकंपाने कोसळलं. क्लेमेंटेने मदत गोळा केली, पण ती तिथल्या राज्यकर्त्यांची माणसं मधल्यामध्ये लाटताहेत असं कळलं, म्हणून ३१ डिसेंबरला तो स्वतःच विमानात बसला. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेलं जुनं विमान सान हुआनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं. तो सापडला नाही. स्मृतिसभेला संघ पोर्तो रिकोला गेला तेव्हा कॅचर मॅनी सांगियेन सभेला बसला नाही. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून मित्राला शोधत होता. १९७३ ची कार्डं बाजारात आली तेव्हा पाकिटात क्लेमेंटे होता. ३८ वर्षांचं आयुष्य, ३००० फटके, नेमके.

तुमचे कोण? बेसबॉल माहीत नसेल तर कुठल्याही खेळाचं चालेल, पण कार्ड, चित्र, कात्रण, काहीतरी हातात धरलेलं हवं.

---

निंबोणी

सलग वाचलं. सांगियेनपाशी थांबावं लागलं.

मी पुण्याची, बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही. शाळेत सॉफ्टबॉल खेळले तेवढंच. एक विचारते: .३३४ ची सरासरी म्हणजे काय? आणि ती चांगली कशी?

आमच्याकडे १९८७ च्या वर्ल्ड कपच्या सुमारास ‘बिग फन’ बबलगम होतं. त्याबरोबर क्रिकेटपटूंचे कागद यायचे, त्यावर रन्स नाहीतर विकेट्स छापलेल्या. ठरावीक रन्स जमले की बक्षीस. वाड्यातल्या जिन्याखाली बसून अदलाबदल चालायची, दोन मनिंदर देऊन एक कपिल. भावाने कुठल्यातरी डब्यात ठेवले असतील, विचारते.

---

तीन_नद्या

@निंबोणी, बॅटरने दहा वेळा उभं राहून तीनदा सुरक्षित फटका मारला तर सरासरी .३००. म्हणजे दहातले सात वेळा तो बाद होऊन परत येतो आणि तरी त्याला उत्तम म्हणतात. पिचरने चार वाईट चेंडू टाकून फुकट बेस दिला तर ती खेळी यात मोजत नाहीत. कष्टाने वर्षभर .३०० टिकवणारे मोजके असतात; .३३४ म्हणजे त्या वर्षी लीगमध्ये पहिला. क्रिकेटची सरासरी डोक्यातून काढून टाकायला मला पहिला उन्हाळा पूर्ण लागला.

दोन मनिंदर देऊन एक कपिल, हा व्यवहार पटला. आमच्याकडे पार्करसाठी काहीही द्यायची तयारी असे. भावाला जरूर विचारा आणि फोटो टाका.

---

ओसरी

पिट (पिट्सबर्ग) विद्यापीठात शिकायला होते, म्हणून ही भर.

पायरेट्सचं जुनं मैदान, फोर्ब्ज फील्ड, आमच्या कॅम्पसच्या जागेवरच होतं. पोझवार हॉल नावाच्या इमारतीत जमिनीत काचेखाली त्या मैदानाची होम प्लेट बसवलेली आहे. वर्गाला जाताना रोज त्यावरून पाय पडायचा. पहिल्या सेमिस्टरला मला वाटायचं ही कसली पाटी, मग एका सीनियरने सांगितलं.

बाहेर मैदानाच्या विटांच्या भिंतीचा तुकडा उभा आहे. १३ ऑक्टोबर १९६० ला बिल मॅझरॉस्कीने न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध सातव्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये होम रन मारून वर्ल्ड सिरीज तिथल्या तिथे संपवली होती, १०–९. दर वर्षी १३ ऑक्टोबरला म्हातारी मंडळी घडीच्या खुर्च्या घेऊन त्या भिंतीपाशी जमतात आणि त्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पहिल्यापासून लावतात. वेळ अशी साधलेली असते की होम रन बरोबर त्याच मिनिटाला पडतो. निकाल सगळ्यांना ठाऊक, तरी शेवटच्या इनिंगला कोणी बोलत नाही. मी दोनदा गेले. तिथे एका आजींच्या पर्समध्ये मॅझरॉस्कीचं कार्ड होतं, प्लास्टिकच्या पाकिटात, बसच्या पासाशेजारी. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. पाठीवर निळ्या पेनाने त्यांच्या भावाचं नाव होतं; लहानपणी कार्डं हरवू नयेत म्हणून पोरं असं लिहीत.

आणि पीएनसी पार्कला जायचं तर सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद असलेल्या क्लेमेंटे पुलावरून चालत जा. राइट फील्डची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटेचा नंबर २१.

---

सह्यकडा

मी बे एरियातला, त्यामुळे इथे बॅरी बॉन्ड्सचं नाव घेणं मला भाग आहे. १९८७ चं टॉप्सचं कार्ड, लाकडाच्या फळीसारखी चौकट, आणि आत पायरेट्सच्या कपड्यातला किडकिडीत बॉन्ड्स. २००१ मध्ये ७३ होम रन मारणाऱ्या माणसाचं अंगकाठीने हे रूप होतं हे त्या कार्डाशिवाय कोणाला खरं वाटणार नाही. मी त्याला इथे जायंट्सकडूनच पाहिलं. तो बॅटिंगला आला की सामोसे विकणाऱ्यापासून (हो, आमच्या भागात मिळतात) सगळे वळून बघायचे.

तुमच्या धाग्यात तो नाही. राग आहे का?

---

तीन_नद्या

@सह्यकडा, रागापेक्षा दुःख म्हणेन. १४ ऑक्टोबर १९९२, अटलांटा. आम्ही नवव्या इनिंगला २–० ने पुढे होतो, वर्ल्ड सिरीजपासून तीन बळी दूर. फ्रान्सिस्को काब्रेराचा फटका लेफ्ट फील्डमध्ये बॉन्ड्सकडे गेला. दुसऱ्या बेसवरून निघालेला सिड ब्रीम, आमचाच जुना खेळाडू, गुडघ्यांनी अधू. बॉन्ड्सची फेक किंचित बाजूला पडली आणि ब्रीम घसरत पोचला. ३–२. सेंटर फील्डमध्ये अँडी व्हॅन स्लाइक गवतावर बसून राहिला. बॉन्ड्स त्या हिवाळ्यात तुमच्याकडे आला.

त्यानंतर पायरेट्स सलग वीस मोसम हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. वीस! माझी मुलं या काळात वाढली. त्यांनी विजय पाहिलाच नव्हता, तरी ती माझ्याबरोबर येत. १ ऑक्टोबर २०१३ ला वाइल्ड कार्डचा (हरेल तो बाहेर) सामना घरच्या मैदानावर झाला, सगळे काळे कपडे घालून आले, सिनसिनाटीच्या जॉनी क्वेटोचं नाव चाळीस हजार लोक सुरात म्हणू लागले, त्याच्या हातातून चेंडू निसटला आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होम रन मारला. माझ्या धाकट्याच्या बाइंडरमध्ये म्हणून पहिलं पान मार्टिनचं आहे, त्या वर्षीच्या एमव्हीपी मॅककचनचं दुसरं. त्याचा तो क्रम, मी बदलणार नाही.

आणि बॉन्ड्सचं १९८७ चं कार्ड आहे माझ्याकडे. टाकलेलं नाही. पायरेट्सकडून तो दोनदा एमव्हीपी होता, तेवढं त्याचं देणं आहे.

---

हिशेबी

धागा भावनिक आहे ते समजलं, पण व्यवहाराचं कोणीच बोलत नाही. १९५२ चं टॉप्सचं मिकी मँटल कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलर्सना गेलं. होनस वॅगनरचं तंबाखूबरोबर आलेलं टी-२०६ त्याच वर्षी ७२.५ लाखांना. ही मालमत्ता आहे. ग्रेडिंग करून (तज्ज्ञांकडून दर्जा ठरवून), सीलबंद करून ठेवायची गोष्ट. डागाळलेला मोरेनो आणि कोपरे झिजलेला क्लेमेंटे यांना बाजारात काही किंमत नाही.

---

कागदकपटे

@हिशेबी, त्या मँटलचीच गोष्ट घ्या. १९५२ चे शेवटचे क्रमांक मोसम संपत आल्यावर बाजारात आले, खपले नाहीत. टॉप्सच्या गोदामात खोकी पडून राहिली. साय बर्गर, ज्यांनी तो सेट बनवला, त्यांनी पुढे १९६० मध्ये ती खोकी पडावात भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात बुडवली. ज्यांनी छापली त्यांनाच ती नको होती. जी टिकली ती कोणीतरी पोरांनी खिशात घातली म्हणून.

उलटं १९८० च्या दशकाच्या अखेरीस सगळ्यांना वाटलं कार्डं म्हणजे सोनं, कंपन्यांनी बेसुमार छापली, लोकांनी सीलबंद खोकी तळघरांत रचली. आज ती कोणी उचलत नाही. बॉन्ड्सचं ते लाकडी चौकटीचं कार्ड त्यातलंच.

माझा सगळ्यात आवडता माणूस खेळाडू नाही. जेफरसन बर्डिक, सिराक्यूजचा, कारखान्यात काम करणारा, संधिवाताने बोटं वाकडी झालेला. जगातली छापील कार्डं त्याने वर्गवार लावली. टी-२०६ हा क्रमांकही त्याच्याच यादीतला. संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि मग वर्षानुवर्षं तिथे बसून स्वतःच्या हाताने वह्यांत चिकटवला. तीन लाखांवर नग, त्यात बेसबॉलची तीस हजारांच्या आसपास. जानेवारी १९६३ मध्ये शेवटचं पान झालं, दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात दाखल झाला आणि मार्चमध्ये वारला. मी न्यू जर्सीत राहतो. मेटमध्ये त्या संग्रहातली थोडी कार्डं आलटूनपालटून मांडतात, भारतातून पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेतो.

---

तीन_नद्या

@कागदकपटे, बर्डिकबद्दल लिहिलंत, फार बरं वाटलं.

@हिशेबी, पैशाचं नाकारत नाही. पण वॅगनरचंच बघा, तो आमच्याच शहराचा, पायरेट्सचा शॉर्टस्टॉप. १९०९ मध्ये सिगारेट कंपनीने न विचारता त्याचा फोटो छापायला घेतला आणि त्याने तो थांबवायला लावला. कोणी म्हणतं पोरांनी त्यासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला नको होतं, कोणी म्हणतं मोबदल्याचा प्रश्न होता. थोडीच कार्डं बाहेर पडली म्हणून ते दुर्मीळ. त्याचा खेळ त्या कार्डाच्या किमतीखाली दबून गेलाय. आठ वेळा फलंदाजीत पहिला आलेला माणूस, आणि लोकांना त्याच्याबद्दल फक्त लिलावाचा आकडा माहीत असतो.

आणि ज्याचं कार्डच निघालं नाही त्याची किंमत कशी काढणार? जॉश गिब्सन. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या संघांचा, म्हणजे याच नदीकाठचा. कृष्णवर्णीय म्हणून मेजर लीगने, म्हणजे सर्वांत वरच्या लीगने, घेतलं नाही, आणि मेजर लीगमध्ये नाही म्हणून कुठल्या गम कंपनीने छापलं नाही. २० जानेवारी १९४७ ला तो ३५ व्या वर्षी वारला. आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय, जॅकी रॉबिन्सन, त्याच वर्षी १५ एप्रिलला मैदानात उतरला. गिब्सनचं कार्ड निघालं ते पोर्तो रिकोत, त्याच्या मृत्यूनंतर, १९५० च्या मोसमाचं. २०२४ मध्ये निग्रो लीगचे (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगचे) आकडे अधिकृत धरले गेले तेव्हा .३७२ च्या सरासरीने तो तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्या वर, सगळ्यांच्या वर गेला. माझ्या बाइंडरमध्ये क्लेमेंटेच्या आधी एक कप्पा मी रिकामा ठेवलाय. त्याच्याखाली कागदाच्या पट्टीवर गिब्सनचे आकडे हाताने लिहिलेत. नंतर छापलेली आठवणीदाखल कार्डं मिळतात, ती मी तिथे लावत नाही.

त्याच शहरात १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सचे नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकन होते. मेजर लीगमध्ये पहिल्यांदाच. स्टार्जेल, क्लेमेंटे, सांगियेन, अल ऑलिव्हर, रेनी स्टेनेट, डेव्ह कॅश, जीन क्लाइन्स, जॅकी हर्नांडेझ, पिचर डॉक एलिस. मॅनेजर डॅनी मर्टॉ यांनी कसलाही गाजावाजा केला नाही, त्या दिवशीचे उत्तम नऊ उतरवले इतकंच. सामना १०–७ ने जिंकला. यांतल्या आठ जणांची १९७१ ची कार्डं जमवायला जा (स्टेनेटचं पहिलं कार्ड १९७२ चं). त्या वर्षीची चौकट काळी आहे, जरा हात लागला की कडा पांढऱ्या पडतात, धड प्रत मिळता मिळत नाही. माझी आठच्या आठ कडांना खरचटलेली आहेत आणि मी ती कुठल्याही सीलबंद प्रतींशी बदलणार नाही.

---

शिरीषफूल

@तीन_नद्या, रिकामा कप्पा ही कल्पना फार आवडली. +१.

माझी लेक अकरा वर्षांची, पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्सवर फिदा. गेल्या वर्षीपासून पाकिटं फोडतेय. तिला ती कॅलिफोर्नियातल्या मुलाची गोष्ट तोंडपाठ आहे: तिच्याच वयाचा, नाताळात मिळालेल्या पाकिटात त्याला स्कीन्सचं एकमेव, पहिल्या सामन्यातल्या शर्टवरचा तुकडा लावलेलं, सहीचं कार्ड मिळालं. पायरेट्सनी बदल्यात तीस वर्षांची मोसमी तिकिटं देऊ केली. त्याने घेतली नाहीत, आणि मार्च २०२५ च्या लिलावात ते ११ लाख डॉलर्सच्या पुढे गेलं. लेक म्हणते मी तिकिटं घेतली असती. आता मला हे विचारायचंय की तिच्यासाठी ठेवायची कशी? सध्या सगळी रबर बँड लावून खणात आहेत.

---

माडबनी

कोकणातून सलाम. या धाग्यात एक भारतीय धागा जोडतो. २००८ मध्ये भारतात वेगवान फेक करणाऱ्यांची स्पर्धा झाली, त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. दोघांनी आयुष्यात बेसबॉल पाहिला नव्हता. त्यांना करारबद्ध केलं ते पिट्सबर्ग पायरेट्सनीच. रिंकूने जुलै २००९ मध्ये फ्लोरिडातल्या नवोदितांच्या लीगमध्ये सामना जिंकला. व्यावसायिक बेसबॉलमध्ये भारतीयाने जिंकलेला तो पहिला. दिनेश २०१० नंतर परतला. रिंकू पुढे दुखापतींनी मागे पडला आणि मग कुस्तीच्या रिंगणात गेला. मी तेव्हा कॉलेजात भालाफेक करायचो. वर्तमानपत्रातलं त्यांचं कात्रण अजून आहे. तुमच्या अटीत बसतंय ना?

---

तीन_नद्या

@माडबनी, बसतंय म्हणजे काय, कात्रणाचा फोटो टाकाच. त्या दोघांनी चेंडू पकडायला हातमोजा कसा घालायचा इथपासून सुरुवात केली होती. आमच्या मंडळातल्या घराघरांत तेव्हा पायरेट्सच्या शेवटच्या फळीतल्या संघांचे निकाल बघितले जायचे, एरवी ज्यांना स्ट्राइक म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यांच्याकडूनही.

@शिरीषफूल, रबर बँड आजच काढा. कडा दबतात आणि उन्हाळ्यात रबर वितळून कागदाला चिकटतं. प्रत्येक कार्डाला आधी मऊ पातळ स्लीव्ह, मग आवडत्यांना कडक प्लास्टिकचं पाकीट (टॉप-लोडर). बाइंडर हवा असेल तर पानं पीव्हीसीची नाहीत एवढं बघून घ्या. जुनी पीव्हीसी पानं शाई ओढून घेतात. चकचकीत क्रोम कार्डं ओलसर हवेत वाकतात, म्हणून तळघर नको, कोरडं कपाट. लेकीला स्वतः लावू द्या, तिचा क्रम तिने ठरवावा. सगळी पाकिटं विकतची नकोत. गावातल्या कार्डांच्या दुकानात सुट्या कार्डांची मोठी खोकी असतात, नग काही सेंटांना. तिला तिथे तासभर सोडा.

आणि स्कीन्सचं प्रत्येक वर्षाचं साधं कार्ड घ्यायला सांगा, दर मोसमाला एक. तो विशीतला आहे.